जून जॉर्डन: कविता, वक्तृत्वविद्या आणि वर्गाचा उंबरठा

वाङ्मयाच्या इतिहासात कवीचे संग्रह नोंदले जातात. त्याने वर्गात घालवलेल्या तासांची नोंद कुठेच राहत नाही. कवी पोटासाठी कुठेतरी शिकवत होता, एवढ्या एका वाक्यात चरित्रकार ती वर्षे आटोपतात. जून जॉर्डन (१९३६–२००२) या आफ्रिकन-अमेरिकन कवयित्रीच्या बाबतीत अशी वाटणी करता येत नाही. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्यांनी लेखनाचा वर्ग घ्यायला सुरुवात केली आणि २००२ मध्ये बर्कली येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापिका होत्या. या पस्तीस वर्षांत त्यांची कविता, त्यांचा भाषाविचार आणि त्यांचे अध्यापन ही तीन स्वतंत्र कामे कधी नव्हतीच. विद्यार्थ्याला विद्यापीठात प्रवेश दिला म्हणजे त्याच्या भाषेलाही प्रवेश मिळतो का, हा एकच प्रश्न त्या तीन वाटांनी विचारत राहिल्या. प्रस्तुत लेखात आम्ही त्या प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. अमेरिकन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, मग त्याचा विषय कोणताही असो, निबंधलेखनाचा एक वर्ग सक्तीने करावा लागतो. या प्रथेचे मूळ हार्वर्डमध्ये १८८५ साली सुरू झालेल्या 'इंग्लिश ए' या अभ्यासक्रमात सापडते. 'र्‍हेटरिक' या प्राचीन विद्येचा अर्थ आपल्याकडे 'वक्तृत्व' असा आणि सभेपुरता उरला. तिकडे तो 'वाचकाला पटेल असे लिहिण्याची विद्या' असा झाला आणि ही विद्या याच वर्गात येऊन वसली. मात्र या वर्गाला आरंभापासून दुसरेही एक काम होते, ते चाळणीचे. शुद्धलेखन, विरामचिन्हे, क्रियापदांची रूपे यांच्या आधारे कोण उच्च शिक्षणाला लायक आणि कोण नालायक, हे येथे ठरत असे. म्हणजे जी विद्या माणसाला बोलते करण्यासाठी होती, तीच त्याला गप्प करण्याचे साधन होऊ शकत होती. जॉर्डन यांच्या कारकिर्दीतील सारा संघर्ष या दुहेरी स्वभावाशी आहे.

जॉर्डन यांचा जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला, बालपण ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टाय्व्हसंट भागातले. आईवडील वेस्ट इंडीजमधून आलेले; वडील टपालखात्यात रात्रपाळी करणारे. या वडिलांनी मुलीला लहानपणीच बायबल, शेक्सपिअर आणि कविता यांचे पाठांतर करायला लावले आणि त्याच हातांनी मारहाणही केली. 'सोल्जर' (२०००) या बालपणाच्या आठवणींत हे दोन्ही प्रसंग शेजारी-शेजारी येतात. पुढे त्या बर्नार्ड कॉलेजात गेल्या, पण पदवी न घेता बाहेर पडल्या. तेथील अभ्यासक्रमात आपल्या लोकांचे कुणीच भेटले नाही, ही त्यांची तक्रार त्यांच्या गद्यात वारंवार येते. पुढे अनेक विद्यापीठांत शिकवणाऱ्या या बाईंजवळ स्वतःची पदवी नव्हती, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

अध्यापनाला सुरुवात करण्यापूर्वीचा एक प्रसंग आम्हांला त्यांच्या पुढील विचाराची किल्ली वाटतो. १९६४ च्या उन्हाळ्यात हार्लेममध्ये दंगली झाल्या. त्यानंतर जॉर्डन यांनी वास्तुविशारद बकमिन्स्टर फुलर यांच्यासमवेत हार्लेमच्या पुनर्रचनेचा एक आराखडा तयार केला. त्यात जुन्या वस्तीच्या डोक्यावर उंच शंक्वाकार मनोरे उभारायचे होते. बांधकाम पुरे झाल्यावर लोकांनी वरच्या नव्या घरांत जायचे आणि मगच खालची मोडकळीला आलेली घरे काढायची. सुधारणेच्या नावाखाली एकाही कुटुंबाला वस्ती सोडावी लागू नये, हा या योजनेचा प्राण होता. १९६५ मध्ये 'एस्क्वायर' मासिकाने ती प्रसिद्ध केली, तेव्हा आराखड्याचे श्रेय फुलर यांना गेले आणि जॉर्डन यांनी दिलेले नाव बदलून शीर्षकात 'झोपडपट्टी-निर्मूलन' आले. वस्ती तशीच राखून तिची उंची वाढवणे आणि वस्तीचे निर्मूलन करणे यांतला फरक संपादकांच्या लक्षात आला नाही. शाळा-कॉलेजांतून भाषेच्या बाबतीत हीच गल्लत होते, हे जॉर्डन पुढची पस्तीस वर्षे सांगत राहिल्या.

सिटी कॉलेज हार्लेममध्येच आहे, पण हार्लेमची मुले तेथे फार थोडी असत. ही उणीव दूर करण्यासाठी १९६५ मध्ये तेथे एक योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिला राज्याच्या कायद्याचा आधार मिळाला. 'सीक' या नावाने ती ओळखली जाई. गुणांच्या अटीमुळे दाराबाहेर राहणाऱ्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन विद्यार्थ्यांना प्रवेश, विद्यावेतन आणि लेखनाची पूर्वतयारी देणारी ही योजना होती. तिच्या अध्यापकवर्गाकडे पाहिले तर आज नवल वाटते. टोनी केड बंबारा, ऑड्री लॉर्ड, एड्रिअन रिच आणि जून जॉर्डन या चौघीजणी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात याच विद्यार्थ्यांना परिच्छेद कसा लिहावा हे शिकवत होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन स्त्री-कवितेचा मोठा भाग या 'कच्च्या' समजल्या गेलेल्या मुलांच्या वर्गांतून घडला, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या दक्षिण आवाराचा ताबा घेतला. त्यांच्या आंदोलनामुळे, पुढे १९७५ साली व्हायचे होते ते १९७० मध्येच झाले. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शहरातील प्रत्येक विद्यार्थ्यासाठी न्यूयॉर्क शहर विद्यापीठाचे दार उघडले. आंदोलनाच्याच वर्षी जॉर्डन यांनी 'ब्लॅक स्टडीज: ब्रिंगिंग बॅक द पर्सन' हा निबंध लिहिला. शिक्षणातून माणूसच वजा झाला आहे, त्याला परत आणणे हे या अभ्यासाचे प्रयोजन, असा त्याचा आशय. आपल्या जगण्याविषयी ज्या विद्येला काही सांगता येत नाही, तिच्यासमोर विद्यार्थ्याने उमेदवारासारखे का उभे राहावे, हा त्यांचा सवाल होता.

दार उघडल्यावर वर्गात जे घडले, त्याची सर्वांत गंभीर चिकित्सा सिटी कॉलेजातल्याच मिना शॉनेसी यांनी केली. १९७० ते १९७४ या काळात विद्यार्थ्यांनी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध वाचून त्यांनी 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' (१९७७) हा ग्रंथ सिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या चुका मूर्खपणातून होत नाहीत, त्यांच्यामागे तर्क असतो आणि तो ओळखणे हे शिक्षकाचे काम आहे, हे त्यांचे प्रतिपादन लेखन-अध्यापनात क्रांतिकारक ठरले. जॉर्डन मात्र एक पाऊल पुढे जातात. शॉनेसी यांच्या दृष्टीने चूक समजून घ्यायची असते, पण ती शेवटी चूकच राहते. ज्याला आपण चूक म्हणतो ते दुसऱ्या एका भाषेचे शुद्ध व्याकरण असेल तर काय करायचे, असे जॉर्डन विचारतात.

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हता. विल्यम लबॉव्ह यांच्या 'लँग्वेज इन द इनर सिटी' (१९७२) या ग्रंथाने भाषाशास्त्रीय पुरावा पुढे ठेवला होता. 'ब्लॅक इंग्लिश' बोलणारा 'इज' किंवा 'आर' गाळतो, ते आळसाने किंवा अज्ञानाने नव्हे. ते गाळण्याचे नियम ठरलेले असतात. त्याचप्रमाणे 'ही बी वर्किंग' हे वाक्य प्रमाण इंग्रजी वाचकाला मोडके वाटते. मराठी वाचकाला त्याची रचना समजायला अडचण पडू नये. 'तो काम करत आहे' आणि 'तो काम करत असतो' यांत आपण जो भेद करतो, तोच येथे आहे. 'बी' हे रूप नेहमीची, पुनःपुन्हा घडणारी क्रिया दाखवते. आपल्याकडे जे सूक्ष्म व्याकरण म्हणून शिकवले जाते, त्यालाच तिकडे लाल शाईची रेघ बसत होती.

याच सुमारास जॉर्डन यांनी ब्रुकलिनमध्ये शिक्षिका टेरी बुश यांच्यासह मुलांसाठी लेखनाची कार्यशाळा चालवली. तिच्यातून 'द व्हॉइस ऑफ द चिल्ड्रन' (१९७०) हा मुलांच्या लेखनाचा संग्रह निघाला. त्यानंतर आली 'हिज ओन व्हेअर' (१९७१), किशोरवयीन वाचकांसाठीची आणि संपूर्णपणे ब्लॅक इंग्लिशमध्ये लिहिलेली कादंबरी. नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत ती पोहोचली. आणि नेमके येथेच एक अवघड वळण येते. बाल्टिमोर शहरात या पुस्तकाला शाळांतून बंदी घालावी म्हणून जे पालक पुढे आले, ते कृष्णवर्णीयच होते. आमची मुले साहेबाची भाषा शिकण्यासाठी शाळेत जातात. घरची भाषा त्यांना पुस्तकातून कशाला शिकवता, असे त्यांचे म्हणणे होते.

या पालकांना आत्मद्वेष्टे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. नोकरीच्या अर्जावर कोणत्या भाषेला किंमत मिळते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. पुढे १९८८ मध्ये लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी हाच मुद्दा शास्त्रीय पातळीवर मांडला. सत्तेचे संकेत ज्यांच्या घरात आहेत त्यांना ते शिकवावे लागत नाहीत. ज्यांच्या घरात नाहीत त्यांना ते स्पष्टपणे शिकवले नाहीत, तर उदारमतवादी शिक्षक नकळत त्यांचे नुकसान करतो. जॉर्डन यांच्या भूमिकेवरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. १९७४ मध्ये महाविद्यालयीन लेखन-अध्यापकांच्या राष्ट्रीय परिषदेने 'विद्यार्थ्यांचा आपल्या भाषेवरचा हक्क' मान्य करणारा ठराव केला, पण या आक्षेपाचे उत्तर ठरावात नव्हते. ते असलेच तर वर्गातच मिळणार होते.

ते मिळाले, निदान त्याची दिशा मिळाली, ती १९८४ मध्ये, न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रुक येथील वर्गात. 'ऑन कॉल' (१९८५) या संग्रहातील एका दीर्घ निबंधात जॉर्डन यांनी त्याची हकिगत लिहिली आहे. अॅलिस वॉकर यांची 'द कलर पर्पल' ही कादंबरी त्यांनी नेमली. विद्यार्थी बहुतेक कृष्णवर्णीय. तरी त्यांनाच तिची भाषा ओंगळ वाटली. जॉर्डन यांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. पहिल्या पानाचे प्रमाण इंग्रजीत भाषांतर करा, एवढेच सांगितले. भाषांतर वाचताना वर्गात हशा पिकला. जिवंत बाई कागदी झाली होती. ज्या भाषेची लाज वाटत होती तिच्यात काय आहे, हे तिच्यातून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात त्यांना कळले. यातून ब्लॅक इंग्लिशवरच एक स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला आणि विद्यार्थ्यांनी स्वतः तिचे नियम लिहून काढले. म्हणजे ही 'काहीही चालेल' अशी मुभा नव्हती. येथेही व्याकरण होते, पुनर्लेखन होते आणि चूक हीही होती. ब्लॅक इंग्लिश लिहिताना प्रमाण इंग्रजीच्या सवयीने झालेली चूक ही आता चूक ठरत होती.

हा अभ्यासक्रम चालू असतानाच वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या निःशस्त्र भावाला ब्रुकलिनच्या पोलिसांनी गोळ्या घालून ठार केले. वर्गाने पोलिसांना आणि वृत्तपत्राला पत्रे लिहायचे ठरवले. प्रत्येकाचा मजकूर तर ब्लॅक इंग्लिशमध्येच होता; प्रश्न उरला तो सर्वांच्या वतीने लिहायच्या प्रास्ताविकाचा. ते प्रमाण इंग्रजीत लिहिले तर छापले जाण्याची आशा होती. ब्लॅक इंग्लिशमध्ये लिहिले तर कुणी वाचणारही नाही, हे सगळे जाणून होते. वक्तृत्वविद्येचा सगळा शास्त्रार्थ या एका प्रश्नात सामावलेला आहे. आपण कोणासाठी बोलतो, आणि त्याला ऐकू जावे म्हणून स्वतःचे किती सोडतो? वर्गाने चर्चा केली, मतदान घेतले आणि एकमताने आपल्या भाषेत लिहायचा निर्णय केला. मेलेला मुलगा ज्या भाषेत बोलत होता, ती त्याच्यासाठी लिहिताना टाकून द्यायची नाही, असे ठरले. वृत्तपत्राने ते पत्र छापले नाही.

हा पराभव होता की नाही, यावर आमच्या चर्चामंडळात मतभेद झाले. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्या पत्राचा हेतू न्याय मागणे हा होता, ते वाचलेच गेले नाही तर भाषेचा स्वाभिमान काय कामाचा? हे म्हणणे खोडून काढता येत नाही. पण त्या निबंधाचा शेवट पाहावा. भाऊ गमावलेल्या त्या विद्यार्थ्याचा स्वतःचा लेख जॉर्डन यांनी शेवटी जसाच्या तसा दिला आहे, आणि तो लेख प्रमाण इंग्रजीत आहे. बाईंनी तो बदलायला लावला नाही. दोन्ही भाषा हाताशी असलेल्या तरुणाने त्या वेळी आपल्याला हवी ती निवडली. डेल्पिट यांच्या आक्षेपाला येथे एक उत्तर दिसते. सत्तेची भाषा शिकवायलाच हवी. पण घरची भाषा ज्याच्याकडून आधी काढून घेतली, त्याला निवड करायला काही उरत नाही. तो फक्त हुकूम पाळतो. दोन्ही भाषा आणि दोन्हींची किंमत माहीत असलेल्या माणसाचा निर्णय, मग तो तोट्याचा का असेना, त्याचा स्वतःचा असतो.

१९८९ मध्ये जॉर्डन बर्कलीला गेल्या आणि १९९१ मध्ये त्यांनी 'पोएट्री फॉर द पीपल' हा अभ्यासक्रम सुरू केला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. निरनिराळ्या समाजांची कविता वाचायची, स्वतः लिहायचे, छोट्या गटांत एकमेकांचे लेखन कठोरपणे तपासायचे. हे गट चालवणारेही आधीच्या सत्रात शिकून तयार झालेले विद्यार्थीच. सत्राच्या शेवटी सर्वांच्या कविता छापायच्या आणि लोकांसमोर वाचायच्या. कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त परिणाम हा तेथील कवितेचा पहिला दंडक. फुकट विशेषणाला माफी नाही. हा अभ्यासक्रम पुढे शाळेत, चर्चमध्ये आणि स्त्रियांच्या तुरुंगातही पोहोचला. १९९५ मध्ये त्याची सारी पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, ती कुणालाही उचलता यावी म्हणून.

याच वर्षांत दारे पुन्हा मिटू लागली होती, हे विसरता येत नाही. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन २०९' संमत करून सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. तिकडे न्यूयॉर्क शहर विद्यापीठात १९७६ मध्येच शुल्क लागू झाले होते. नव्वदच्या दशकाअखेर चार वर्षांच्या महाविद्यालयांतून लेखनाचे पूर्वतयारीचे वर्गही काढून टाकण्याचा निर्णय झाला. ज्या वर्गांतून जॉर्डन यांची कारकीर्द सुरू झाली, ते वर्ग त्यांच्या हयातीतच गेले. १४ जून २००२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. बर्कलीचा अभ्यासक्रम मात्र त्यांच्या पश्चात विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी चालू ठेवला.

मराठी वाचकाला हा इतिहास सर्वस्वी परका नाही. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा मराठवाड्यात आणली. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. 'हिज ओन व्हेअर' १९७१ चे आणि नामदेव ढसाळांचे 'गोलपिठा' १९७२ चे, हा योगायोग केवळ सनावळीचा नाही. पण आपण तिकडून घेतली ती कविता आणि चळवळ. तिकडचा लेखनाचा वर्ग आपण घेतला नाही. परिणामी आपल्याकडे एक चमत्कारिक स्थिती आहे. 'बलुतं' आपण अभ्यासक्रमात नेमतो, तिच्या भाषेच्या सामर्थ्यावर दहा गुणांचा प्रश्न काढतो, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात एखाद्या विद्यार्थ्याने 'पानी' लिहिले, की आमचाच हात लाल शाईच्या पेनाकडे जातो. छापलेल्या बोलीला आम्ही साहित्य म्हणतो. उत्तरपत्रिकेतल्या बोलीला अशुद्धलेखन.

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही. 'पानी'चे 'पाणी' करू नये असे आमचे म्हणणे नाही. परीक्षक परका असतो आणि गुण त्याच्या हातात असतात, हे बाल्टिमोरच्या पालकांइतकेच आम्हीही जाणतो. जॉर्डन यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच की, रेघ मारण्यापूर्वी त्या मुलाला आपण दोन गोष्टी सांगितल्या आहेत का: तुझ्या शब्दालाही नियम आहे, आणि या कागदावर दुसरा शब्द का मागितला जातो. ज्या दिवशी हे दोन्ही सांगून होईल, त्या दिवशी तो काय लिहायचे ते ठरवील. उत्तरपत्रिकांचा पुढचा गठ्ठा आमच्या टेबलावर येऊन पडला आहे.